एफएममध्ये यायचंय? आधी म्युझिक लॉग वाचायला शिका

रेडिओत यायचंय म्हणणाऱ्या बहुतेक मुलामुलींना आरजे व्हायचं असतं. आवाज चांगला असतो, बोलण्याची हौस असते, गाण्यांवर जीव असतो. आणि सगळ्यांची तक्रार एकच असते: कुठलंही स्टेशन लावा, तीच गाणी का? मी पुण्यात खासगी एफएमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये बरीच वर्षं काम केलं, त्यातला मोठा काळ म्युझिक शेड्यूलिंगच्या टेबलावर. ही तक्रार मला अगदी रास्त वाटते. पण तिचं उत्तर आरजेच्या खुर्चीत बसून मिळत नाही, कारण गाणी आरजे निवडत नाही. कुठलं गाणं कधी लागणार याची आदल्या दिवशी तयार झालेली यादी, म्हणजे म्युझिक लॉग, स्टुडिओच्या स्क्रीनवर येतो आणि आरजे त्याच्या मधल्या जागांत बोलतो. ज्यांना रेडिओवर वेगळं काही वाजावं असं मनापासून वाटतं, त्यांनी हा लॉग कसा बनतो ते आधी समजून घ्यावं.

प्रत्येक तासाचं एक क्लॉक, म्हणजे त्या तासात काय कधी येणार याचा आराखडा, ठरलेलं असतं. गर्दीच्या तासात जाहिरातींना १२ ते १५ मिनिटं जातात. आरजेच्या लिंक (गाण्यांमधलं बोलणं), जिंगल, प्रोमो यांना आणखी काही. उरलेल्या वेळात चार-चार मिनिटांची नऊ-दहा गाणी बसतात. म्हणजे आवडीनिवडीचा विचार सुरू व्हायच्या आधीच तुमच्या हातात फक्त दहा जागा असतात. या जागा गटांत वाटलेल्या असतात. सध्या सगळ्यात जास्त चालणारी गाणी ‘पॉवर’मध्ये, काही महिन्यांपूर्वी चाललेली ‘रिकरंट’मध्ये, जुनी ‘गोल्ड’मध्ये. गटांची नावं स्टेशनागणिक बदलतात, पद्धत तीच.

आता थोडं गणित करा. तासाला पॉवरच्या २ जागा आहेत आणि गटात ६ गाणी आहेत. दर ३ तासांनी तेच गाणं परत येणार. शिवाय दिवसभरातल्या ४८ जागांना ६ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे आज सकाळी आठला लागलेलं गाणं उद्याही आठलाच लागणार. रोज त्याच वेळी ऑफिसला निघणाऱ्या माणसाला सिंहगड रोडवर आठवडाभर एकच गाणं ऐकू येतं, आणि त्याला वाटतं की या स्टेशनकडे दुसरं गाणंच नाही. गटात सातवं गाणं टाका. ४८ला ७ने भाग जात नाही, गाणी रोज पुढेमागे सरकतात आणि त्याच माणसाला रोज वेगळं गाणं मिळतं. एका गाण्याने एवढा फरक पडतो. चांगला शेड्यूलर या गोष्टी बोटांवर करतो. सॉफ्टवेअर लॉग भरून देतं, पण गटात किती गाणी ठेवायची, एका गायकाची दोन गाणी किती अंतराने यावीत, एका चित्रपटाची किती अंतराने, हे नियम माणसानेच घालायचे असतात. नियम सैल ठेवले की सॉफ्टवेअर आपलं काम सोप्या वाटेने उरकतं.

मग गट लहान का ठेवतात? बटण बदललं जाण्याच्या भीतीने. गाडीतला माणूस अनोळखी गाणं लागलं की पुढच्या स्टेशनवर जाईल, म्हणून कुठल्याही क्षणी त्याच्या कानावर ओळखीचंच गाणं पडलं पाहिजे, असा हा हिशोब. त्यात चाचण्यांची भर. श्रोत्याला फोन करून गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं: ओळखता का, आवडतं का, कंटाळा आलाय का? ओळखत नसेल तर गाण्याला गुण मिळत नाहीत. गुण नाहीत म्हणून ते वाजत नाही आणि वाजत नाही म्हणून ओळखीचं होत नाही. मुखड्याआधी सावकाश सुरावट असलेलं, शब्द नीट ऐकल्याशिवाय न उलगडणारं भावगीत या परीक्षेत कसं पास होणार? आठ सेकंदांत त्याची ओळखही पटत नाही. चाचणीत नापास झालेल्या गाण्याबद्दल ‘लोकांना नको आहे’ असा शेरा मारला जातो, तेव्हा मला आजही राग येतो. लोकांना ते कुणी पुरतं ऐकवलेलंच नसतं.

मोजमापाचा प्रश्न तर वेगळाच. २००७मध्ये श्रोते मोजण्याची रॅम ही पद्धत आली, श्रोत्यांनी काय ऐकलं ते डायरीत लिहायचं अशी, तीही मोजक्या महानगरांत. पुणे त्यात नव्हतं, नागपूर-कोल्हापूरचा तर विषयच नाही. त्यामुळे मुंबईत जे चाललं तेच आपल्याकडे चालणार, असं गृहीत धरलं जाई. नेटवर्कच्या लहान शहरांतल्या स्टेशनांना लॉग मुख्य कार्यालयातूनच येतो, स्थानिक टीमला भरायला थोड्या जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात.

हे सगळं कुणा एका अरसिक माणसाने केलेलं नाही. या धंद्याची रचनाच तशी झाली, आणि ती रचना नवख्यांनी जाणून घेतलीच पाहिजे. १९९३मध्ये आकाशवाणीने काही महानगरांत एफएमचे तास खासगी निर्मात्यांना दिले. खासगी स्टेशनं सुरू झाली २००१मध्ये, पहिलं बंगळुरूत. सरकारने खासगी एफएमचे परवाने टप्प्याटप्प्याने दिले. पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं आणि त्या ओझ्याखाली स्टेशनं वाकली. २००५च्या दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्के अशी पद्धत आली. पण एका शहरात एका कंपनीला एकच स्टेशन. त्यात दोन स्टेशनांच्या फ्रिक्वेन्सीत ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं, त्यामुळे शहरात मुळात स्टेशनंच कमी. बातम्यांना बंदी. नंतर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा मिळाली, स्वतःच्या बातम्या नाहीतच. हातात एकच स्टेशन, डोक्यावर शुल्क, बोलायचे विषय मोजके. अशा वेळी प्रत्येक मालक एकाच जागी उभा राहतो: नवी हिंदी फिल्मी गाणी, कारण सगळ्यात मोठा घोळका तिथे आहे. पीटर स्टाइनर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५२मध्येच हे मांडून ठेवलं होतं. स्टेशनं एकमेकांची स्पर्धक असली की सगळी मोठ्या गटामागे धावतात. तीच एका मालकाची असली तर तो स्वतःशी स्पर्धा करायचं टाळतो आणि वेगवेगळ्या श्रोत्यांकडे वळतो. तिसऱ्या टप्प्यात एका शहरात एकापेक्षा जास्त स्टेशनांची मुभा मिळाली तेव्हा याची थोडी प्रचिती आली. मुंबईत फीवर एफएम चालवणाऱ्या कंपनीने नशा हे जुन्या हिंदी गाण्यांचं दुसरं स्टेशन काढलं. पण २०१५च्या लिलावात मुंबईतल्या एका फ्रिक्वेन्सीची किंमत १२० कोटींच्या वर गेली होती. एवढे पैसे ओतल्यावर प्रयोग करायची छाती किती जणांची होईल?

पैसा कुठून येतो यावर काय वाजतं ते ठरतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे वर्ल्डस्पेस. वर्गणी भरून ऐकायचा तो उपग्रह रेडिओ. तिथे हिंदुस्थानी संगीताला, कर्नाटक संगीताला, गझल-कव्वालीला वेगळ्या वाहिन्या होत्या आणि सुरभी नावाची मराठी वाहिनीही होती. २००९च्या अखेरीस भारतातली सेवा बंद पडली. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना विचारा, अजून हळहळतात.

मराठीबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. पुण्या-मुंबईच्या खासगी एफएमवर मराठी गाणं ठरावीक वेळी, ठरावीक दिवशी, असंच बराच काळ चालत आलं. जाहिरातदाराला मराठी श्रोता ‘प्रीमियम’ वाटत नाही, हे वाक्य मी मीटिंगमध्ये अनेकदा ऐकलं. २०१६मध्ये ‘सैराट’ची गाणी आली आणि सकाळच्या गर्दीच्या तासात बिनदिक्कत वाजू लागली, तेव्हा तो युक्तिवाद कायमचा निकालात निघाला असं आम्हाला वाटलं. प्रत्यक्षात पॉवर गटात मराठीची एक जागा तयार झाली आणि त्या जागेवर तीच चार गाणी फिरत राहिली. मराठी गाणी वाजणं आणि मराठी संगीत वाजणं यात मोठं अंतर आहे. लावणी, नाट्यगीत, अभंग, कोळीगीत, शाहिरी, नव्या मुलांची स्वतंत्र गाणी, यांतलं काहीच त्या एका जागेतून आत आलं नाही.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण नवखी मुलं नेमकी तिथे घसरतात. आपली आवड श्रोत्यांवर लादणं म्हणजे वैविध्य नव्हे. १९५२मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरच्या फिल्मी गाण्यांना लगाम घातला. हेतू शास्त्रीय संगीताला मान मिळावा हा होता. श्रोते उठून फिल्मी गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला १९५७मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. म्हणून अनोळखी गाणं लावायचं तर ते दोन ओळखीच्या गाण्यांच्या मधे बसवा, आणि आरजेला त्या गाण्याबद्दल सांगण्यासारखं एखादं वाक्य लिहून द्या.

आता कामाचं. इंटर्नशिप मिळाली तर प्रोग्रॅमिंगमध्ये लायब्ररीचं काम मागून घ्या. कंटाळवाणं वाटेल, पण सगळी किल्ली तिथे आहे. सर्व्हरवर हजारो गाणी पडलेली असतात आणि फिरतात त्यातली काहीशे. बाकीची ‘होल्ड’वर, म्हणजे बाजूला काढून ठेवलेली, असतात किंवा त्यांची माहितीच भरलेली नसते. लय, भाव, काळ, गायक यांचे कोड नसतील तर सॉफ्टवेअर त्या गाण्याला कधीच उचलणार नाही. अशी गाणी ऐकून, कोड भरून, गोल्डमध्ये घालण्यासाठी वरिष्ठांकडे नेण्याचं काम इंटर्न करू शकतो. आम्ही असं केलं तेव्हा कुणी अडवलं नाही, कारण या कामाला हात लावायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

खासगी एफएमच्या आधी किंवा बरोबरीने आकाशवाणीच्या हंगामी निवेदकाची परीक्षा द्या. तिथल्या संग्रहाशी ओळख होणं हेच मोठं शिक्षण आहे. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडचं माणदेशी तरंग अशी त्या-त्या ठिकाणच्या लोकांसाठी चालणारी कम्युनिटी रेडिओ केंद्रं आहेत. तिथे जाहिरातीचा दबाव कमी आणि एकाच माणसाला ध्वनिमुद्रणापासून निवेदनापर्यंत सगळं करावं लागतं. पगाराची अपेक्षा मात्र बेताची ठेवा.

मुलाखतीला जाताना आवाजाच्या डेमोबरोबर स्वतः बनवलेला एका तासाचा लॉग न्या: दहा गाणी, त्यांचा क्रम, प्रत्येक गाणं तिथेच का. त्यात दोन गाणी अशी असू द्या जी त्या स्टेशनवर तुम्ही कधी ऐकलेली नाहीत, आणि ती कुणासाठी आहेत ते सांगता आलं पाहिजे. आणि एक प्रश्न जरूर विचारा: लॉग इथे बनतो की मुख्य कार्यालयातून येतो? बाहेरून येत असेल तर स्थानिक तास कुठले ते विचारून घ्या. बहुधा रविवार सकाळ आणि रात्री अकरानंतरचे तास निघतील. ते फारसे कुणाला हवे नसतात. तुम्ही मागून घ्या.