गोव्यातून लिस्बन-लंडनशी मीटिंग लावताय? या चुका टाळा

"लिस्बन आपल्या साडेचार तास मागे" हे पाठ करून बसलेले लोक पणजी-मडगावात ढिगाने सापडतील, आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की सोमवारी हेच लोक लिंक उघडून एकटेच बसलेले असतात. त्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात, मग फरक होतो साडेपाच, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत साडेचार. लंडनचंही सेम. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही म्हणून आपल्या ध्यानातच येत नाही, बस्स.

न्यूयॉर्कवाला पण कॉलवर असेल तर अजून गोंधळ, कारण अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्याच रविवारी पुढे जातं. २०२६ चं घ्या, ८ ते २९ मार्च न्यूयॉर्क आणि लिस्बनमध्ये पाचऐवजी चारच तासांचा फरक, आणि दर आठवड्याची रिपीट मीटिंग नेमकी तिथेच बोंबलते.

म्हणून तास पाठ करू नका, इन्व्हाइटमध्ये शहर टाका. मीटिंग ज्या शहराच्या टाइम झोनवर सेट केलीय तिथली वेळ तीच राहते, बाकीच्यांची सरकते. क्लायंटचे सकाळचे साडेनऊ सांभाळायचे असतील तर लिस्बन निवडा, मग तुमचे उन्हाळ्यातले दुपारचे दोन हिवाळ्यात तीन होतील, होऊ द्या.

गडबड झालीच तर किती वेळाने चुकलं ते आधी बघा. एक तासाने चुकलं तर वरचंच कारण. अर्ध्या तासाने चुकलं तर लिस्टमध्ये पणजी दिसत नाही म्हणून कुणीतरी +५:०० वालं काहीतरी दाबलंय, आपल्याला कोलकाता (+५:३०) निवडायचं असतं. अख्खा दिवस चुकला तर कुणीतरी "मंगळवार १२ एएम" लिहिलेलं असणार, म्हणजे मंगळवार सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची ते कळत नाही, त्याऐवजी सरळ ११:५९ पीएम लिहायचं आणि पुढे शहर. नुसतं आयएसटी (भारतीय प्रमाणवेळ) लिहून भागत नाही, आयर्लंडवाले त्यांच्या उन्हाळी वेळेला पण आयएसटीच म्हणतात.

आता खरी आपली अडचण. लिस्बनचं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दीड, हिवाळ्यात अडीच, म्हणजे म्हापशात अर्धी शटरं खाली आणि मालक जेवून आडवा. क्लायंटचा फ्रेश डोक्याने केलेला पहिला फोन नेमका तेव्हाच येतो. झोप मोडू नका हो, पण चार ते सहा मोकळे ठेवा आणि तसं आधीच कळवा. त्यांचे दुपारचे चार म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, तिथे रोजचा कॉल लावून घेतलात तर घरचे काय बोलतील ते तुमचं तुम्ही बघा.

दुबईचं सोपंय, बारा महिने दीड तास. फक्त २०२२ पासून तिथे सरकारी ऑफिसं शनिवार-रविवार बंद आणि शुक्रवारी अर्धा दिवस, तरी शुक्रवारी दुपारी पेमेंटसाठी फोन लावणारे अजून आहेत.

आणि सुट्ट्या. ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन हे तिकडच्या माणसाला सोडा, मुंबईच्या हेड ऑफिसलाही ध्यानात नसतं, आणि चवथ म्हणजे आपली गणेश चतुर्थी तिकडच्या माणसाला माहीत नसते. वर्षाच्या सुरुवातीलाच शेअर्ड कॅलेंडरवर टाका, आणि चवथीच्या आठवड्यात डिलिव्हरीची तारीख देऊच नका.