गोठ्यात इंजेक्शन देताय? आधी गिधाडांचं बघा

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागातली म्हातारी माणसं सांगतात, गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, दुपारपर्यंत नुसती हाडं उरायची. आता गिधाडं गेली, तिथं कुत्री असतात.

आफ्रिकेतही आता तेच चाललंय. तिथलं पांढऱ्या पाठीचं गिधाड २०१५ पासून अतिसंकटग्रस्त आहे. जून २०१९ मध्ये बोत्स्वानात शिकाऱ्यांनी तीन हत्ती मारून त्यांच्यावर विष टाकलं आणि ५३७ गिधाडं मेली, त्यातली ४६८ ह्याच जातीची. कारण काय, तर वर गिधाडं फिरायला लागली की वनरक्षकांना हत्ती कुठं पडलाय ते कळतं. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी हा, एवढी भर कधी निघणार सांगा.

आपल्याकडची गेली ती डायक्लोफेनॅकमुळं. दुखण्यावरचं हे इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याच्या किडन्या बंद पडतात, शंभरात एखादंच तसलं ढोर असलं तरी कळपच्या कळप संपतात. गुरांसाठी त्याच्यावर २००६ पासून बंदी आहे, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही आली. तरी माणसांची बाटली आणून म्हशीला टोचणारे आहेतच, तसलं करू नका. डॉक्टरना सरळ म्हणा, मेलोक्सिकॅम द्या नाहीतर टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिड, ही दोन्ही गिधाडांना चालतात. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी औषधाचं नाव तेच की, बाटली हातात घेऊन स्वतः वाचा.

आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि औषध लिहून ठेवा, कारण जनावर मेल्यावर घरात कुणालाच आठवत नाही काय दिलेलं ते. बंदीतलं काही आठवड्याभरात दिलं असेल तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा, वर दगड रचा नाहीतर कोल्ही उकरतात.

बिबट्यानं वासरू मारलं तर राग येतोच, मान्य, पण त्या मढ्यावर कीटकनाशक ओतू नका, बोत्स्वानात झालं ते ह्याच रीतीनं. फोटो काढा, फॉरेस्टवाल्यांना बोलवा, पंचनामा करून घ्या, भरपाई त्याच्यावरच मिळते.

जनावर अचानक मेलं आणि नाकातनं रक्त आलं असेल तर मात्र काळपुळीचा (अँथ्रॅक्स, माणसालाही होतो) धोका, चामडं सोलू नका, हात लावू नका, आधी गुरांच्या डॉक्टरना फोन करा.