मुलांना कळतं पण वळत नाही? मग या चुका टाळा

"त्याला सगळं समजतं हो, मुद्दाम ऐकत नाही." तीन वर्षांच्या पोराविषयी हे ऐकून कान किटले. समजणं वेगळं आणि समजलेलं ऐन वेळी करणं वेगळं. सूचना डोक्यात धरणं, मोह आवरणं, नियम बदलला की आपणही वळणं, या तिन्हींना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. त्या सावकाशच येतात.

ही चूक मीही केली आहे. लेक तीन वर्षांची असताना मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझोंची पत्ते लावण्याची चाचणी घरी मांडली. एका डब्यावर निळा ससा, दुसऱ्यावर लाल होडी. हातात लाल ससे आणि निळ्या होड्या. रंगाप्रमाणे बिनचूक लावले. मग म्हटलं, आता आकार बघायचा. "ससे कुठे?" तिने बरोबर डबा दाखवला, आणि लाल सशाचा पत्ता टाकला लाल होडीकडे! पाचव्यांदा माझा आवाज चढला, ती रडली, पत्ते जमिनीवर. नियम तिला तोंडपाठ होता, हात मात्र जुन्याच नियमाने चालत होता. तिशीतल्या मला हे पुस्तकातून माहीत होतं, तरी चिडलोच. पाच वर्षांची झाल्यावर तिने हसत हसत लावून दाखवले. मधे मी काहीही शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मी एका वेळी एकच सूचना देतो, तीही जवळ जाऊन. बाकीचं दारावर चित्रांत.

समोर एक मार्शमेलो (मऊ गोड मिठाई) ठेवायचा आणि "आत्ता खाल्ला नाहीस तर दोन मिळतील" म्हणायचं, ही मार्शमेलोची परीक्षा. ती घरी घेऊन पोराचं भविष्य सांगू नका. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, म्हणून मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा हा प्रयोग गाजला खरा, पण 2018 मध्ये मोठ्या गटावर पडताळला, घरची परिस्थिती जमेस धरली, तेव्हा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराच विरळ निघाला. शिवाय समोरचा माणूस शब्द पाळणारा असेल तर मुलं जास्त वेळ थांबतात. तुम्ही "उद्या नक्की" किती वेळा म्हणालात?

'मेंदू तल्लख करणारी' ॲप्स: मूल त्या खेळात पटाईत होतं, दप्तर विसरायचं ते विसरतंच.

खेळताना स्वतःशी पुटपुटणाऱ्या मुलाला गप्प करू नका, ते स्वतःला सूचना देत असतं.

झोप कमी आणि ओरडा जास्त, मग आवर घालणं जमणार कसं?

मध्यंतरी एका वडिलांनी विचारलं, "पंधरा दिवसांत फरक पडेल ना?" हे सगळं सांभाळणारा कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, असं सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत.