टाळेबंदीत चिडलेली सोसायटी: नव्या कमिटीसाठी चार जास्तीची पानं

चार्ज देताना मिनिट बुक, शेअर रजिस्टर, टाकीच्या आणि मीटर रूमच्या किल्ल्या अशी यादी केली, सह्या झाल्या. त्या यादीत न बसणारी एक गोष्ट इथे लिहून ठेवते. 2020 आणि 2021 ची टाळेबंदी मी सेक्रेटरी असताना गेली. रोगाचं काय करायचं ते डॉक्टर आणि पालिका सांगत होती. महिनोन्‌महिने दोन खोल्यांत राहून चिडलेल्या माणसांचं काय करायचं, ते कोणी सांगितलं नाही. डोंबिवलीतल्या इतर कमिट्यांनाही उपयोग होईल, म्हणून नावं गाळून सगळ्यांसाठी टाकतेय.

एक गोष्ट आधीच पक्की धरा. लोक वैतागणारच, तुम्ही कितीही गोड बोललात तरी. आणि वैताग पाण्यासारखा खालच्या पायरीकडे धावतो. सोसायटीत सगळ्यात खालची पायरी म्हणजे वॉचमन, त्याच्यानंतर कामवाल्या बाया, मग पोरं, आणि ज्या घरात रुग्ण निघाला ते घर. तो राग तिथे पोचायच्या आत आपल्याकडे ओढून घेणं, एवढंच कमिटीचं काम. बाकीचं सगळं त्यासाठीच आहे.

पहिल्या महिन्यावर जाऊ नका

22 मार्च 2020 ला लोकांनी गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या. तीन दिवसांनी पाडवा. पाडव्याची स्वागतयात्रा आपल्याच गावातून सुरू झालेली, ती त्या वर्षी निघाली नाही, तरी कोणी तक्रार केली नाही. 21 दिवसांचा प्रश्न होता. मग 14 एप्रिलचा 3 मे झाला, 3 मेचा 17, 17 चा 31. जूनमध्ये जरा मोकळं होतंय म्हणेपर्यंत जुलैत पालिकेनं पुन्हा कुलूप लावलं, आधी 12 पर्यंत, मग 19 पर्यंत. माझ्या अनुभवानं, माणसं बंदीनं तुटत नाहीत तेवढी तारीख पुढे ढकलल्यानं तुटतात. त्या जुलैत आपल्याकडे पार्किंगच्या पट्ट्यावरून जी भांडणं झाली, तेव्हा गाड्या तर जागच्या हललेल्याही नव्हत्या.

2021 ला पुन्हा पाडवाच. 13 एप्रिलच्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी रात्री 8 पासून संचारबंदी. या वेळी थाळ्या नाहीत, केक नाहीत. बाहेर बेड आणि ऑक्सिजनसाठी धावपळ, आत प्रत्येकजण टोकावर. पुढे कधी वेळ आली तर पहिल्या महिन्यातल्या सहकार्यावर विसंबून आखणी करू नका. आखणी चौथ्या महिन्याची करा.

नोटीस

नोटिशीत तीनच गोष्टी लिहा: आदेश कोणाचा, कधीपर्यंतचा, आणि काय चालू आहे. काय बंद आहे ते टीव्ही दिवसभर सांगतो. आमची मे 2021 ची नोटीस अशी होती: "राज्य सरकारचा आदेश. किराणा, भाजी, दूध सकाळी 7 ते 11. हा आदेश 1 जून सकाळी 7 पर्यंत आहे. पुढचा आदेश आला की त्याच संध्याकाळी इथे लावू."

"1 जूनला उघडेल" असं लिहायचं नाही. लोक कालनिर्णयवर गोल करून ठेवतात. "सर्व सभासदांनी सहकार्य करावे" हे वाक्यही गाळा, ते वाचून सहकार्य करणाराही भडकतो.

घरचे नियम जोडू नका. 2020 ला सोसायट्यांनी काय काय काढलं होतं! लिफ्ट फक्त ज्येष्ठांना, कामवाल्यांना जिन्यानं, पार्सल चोवीस तास उन्हात. सरकारी नियमाचा राग सरकारवर जातो. तुमच्या नियमाचा राग तुमच्यावर येतो, आणि तुम्ही दुपारी झोपलात की वॉचमनवर.

गेट

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

वॉचमनला निर्णय घ्यायला लावू नका. कोण आत, कोण बाहेर, हे मोठ्या अक्षरात लिहून केबिनच्या काचेला आतून चिकटवा. त्याच्याबाहेरचं काही आलं की त्यानं एकच वाक्य बोलायचं: "मला अधिकार नाही, सेक्रेटरीबाईंना फोन लावतो." आणि फोन लागला की खाली उतरायचं. वरून फोनवर समजूत घालत बसलात की तो माणूस तोपर्यंत वॉचमनच्या गळ्यापर्यंत गेलेला असतो. सुरुवातीचे काही दिवस सारख्या फेऱ्या होतात, मग लोकांना कळतं की खाली बाई येणार आहेत, आणि बाईंसमोर तोंड सोडणं जड जातं.

आपल्याकडे एक काका आहेत, सगळी नोकरी 7.50 च्या लोकलवर केलेले. लोकल सर्वसामान्यांसाठी मार्च 2020 ला बंद झाली ती 1 फेब्रुवारी 2021 ला उघडली, तीही ठरावीक वेळांत, आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद. हे काका रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर यायचे आणि फिरायला सोडत नाही म्हणून वॉचमनशी हुज्जत घालायचे. त्यांना भाजीवाल्याच्या टेम्पोचं काम दिलं. विंगप्रमाणे टोकन, यादी, सुट्टे पैसे. त्यांनी ते रेल्वेच्या शिस्तीनं केलं. (इतकं, की 10.58 ला आलेल्या बाईला कोथिंबीर मिळाली नाही, आणि तिची तक्रार माझ्याकडे आली. चालायचंच.) काम मात्र खरं हवं. नुसतं "तुम्ही लक्ष ठेवा" म्हणून कोणाला खुर्चीत बसवलंत, तर तो दुसऱ्यांवर पाळत ठेवायला लागतो आणि तुमची डोकेदुखी दुप्पट.

कोणी वॉचमनला शिवी दिलीच, तर ती गोष्ट ग्रुपवर टाकायची नाही. त्याच संध्याकाळी कमिटीतल्या दोघांनी त्या दाराशी जायचं. मास्क लावून, चार हात लांब उभं राहायचं आणि पहिला प्रश्न "घरी सगळं ठीक ना?" असा विचारायचा. शिवीचा विषय नंतर. आमच्या एका प्रसंगात पाच मिनिटांत निघालं की क्लासेस वर्षभर बंद, गाळ्याचं भाडं थकलेलं, वर बँकेचा हप्ता. मग शिवीबद्दल बोललो. माफी मागायची ती आमच्याकडे नाही, खाली गेटवर, ज्याला शिवी दिली त्याच्याकडे. ते गेले, मागितली.

आणि वॉचमन स्वतः? त्याचा बदली माणूस गावी अडकलेला, हा दोन पाळ्या करतोय, त्याच्या घरचे फोनवर रडतायत. त्याला पंखा, बसायला धड खुर्ची, विंगेप्रमाणे पाळीनं एक वेळचं जेवण, आणि पगार एक तारखेलाच. एजन्सीचं बिल मंजूर व्हायला उशीर होतोय हे कारण त्याला सांगायचं नाही.

पैशाचा राग वेगळा, कंटाळ्याचा वेगळा

हे दोन्ही गेटवर सारखेच दिसतात. कंटाळलेल्याला काम, गप्पा, गच्ची. पैशानं अडलेल्याला अंताक्षरी देऊ नका, तो आणखी चिडेल आणि बरोबरच चिडेल. मी बँकेत नोकरी केली म्हणून हे मला आधी दिसलं असेल. तेव्हाच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता यायचं. "पर्यंत" हा शब्द वाचा, 21 लावलंच पाहिजे असं तिथे म्हटलेलं नव्हतं. आम्ही ठराव केला: ज्याचं उत्पन्न थांबलंय त्यानं खजिनदारांना एकट्याला सांगायचं, मेंटेनन्स हप्त्यांत, व्याज मागायचं नाही. कारणाचा पुरावा मागितला नाही. थकबाकीदारांची यादी बोर्डावरून काढली. मोघम बोलून टाळू नका, ठराव मिनिट बुकात नीट लिहा, नाहीतर पुढचा ऑडिटर तुम्हालाच विचारेल.

ग्रुप

दोन करा. एक सूचनांचा, त्यात फक्त पदाधिकारी लिहितील. दुसरा मोकळा, तिथे काढा, फॉरवर्ड, सरकारला शिव्या, जे काय असेल ते होऊ दे. मोकळ्या ग्रुपवर रात्री 10 नंतर कमिटीनं कोणालाही उत्तर द्यायचं नाही. सकाळी फोन करा. अर्ध्या लोकांना सकाळी आपण काय लिहिलं ते आठवत नाही, उरलेल्यांना आठवतं पण बोलायचं नसतं.

गच्ची आणि पोरं

इमारत सील नसेल आणि पालिकेची हरकत नसेल, तर गच्ची उघडा. विंगेप्रमाणे वेळ लावा, पोरांची वेळ संध्याकाळची ठेवा. वरच्या मजल्यावरच्या आजींना आधी विचारा, त्यांच्या डोक्यावर धावाधाव होणार असते. आम्ही त्यांनाच म्हटलं, वेळ तुम्ही सांगा. त्यांनी साडेपाच ते सात सांगितली आणि मग एकदाही ओरडल्या नाहीत. दहावीची परीक्षा 2021 ला रद्द झाली तेव्हा मोठी मुलं मोकळी आणि सैरभैर होती. त्यांना लसीचे स्लॉट शोधायला बसवलं. कोविनवर स्लॉट उघडून मिटेपर्यंत आपल्याला चष्मा सापडत नाही, ही पोरं तिघा-चौघांचं बुकिंग करून मोकळी.

ज्या घरात रुग्ण आहे

एप्रिल 2021 च्या आदेशात असं होतं की सोसायटीत पाचपेक्षा जास्त बाधित निघाले की ती सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र, गेटवर तसा फलक, आणि नियम मोडला तर पहिल्या वेळी सोसायटीला 10,000 रुपये दंड. फलक लागला की लोक आकडे मोजतात आणि सहावा कोण ते शोधतात. जणू पहिल्या पाचांनी काही केलंच नाही.

त्या घरासाठी कमिटीतला एकच माणूस ठरवा. दूध, औषधं, कचरा, पालिकेचा फोन, सगळं त्याच्याकडे. फ्लॅट नंबर सूचनेत लिहायचा नाही. दहा मिनिटांत सगळ्यांना कळतोच, पण तो तुमच्या लेटरहेडवर नसावा. घर मोकळं झालं की कमिटीतल्या कोणीतरी त्यांच्याबरोबर लिफ्टमधून खाली उतरावं. सगळ्यांना दिसेल असं.

हे आपल्या हातातलं नाही

झोप उडालीय, जेवण सुटलंय, "आता काही अर्थ नाही" अशी भाषा आली, तर समजूत घालत बसू नका. तेव्हा नव्हती, पण आता टेलिमानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन आहे, त्या माणसाशेजारी बसून तुम्हीच लावून द्या. एखाद्या घरातून बाईच्या रडण्याचा, मारहाणीचा आवाज येत असेल तर "नवराबायकोचं आहे" म्हणून दार लावून घेऊ नका. 181 किंवा थेट 112.

उठवताना

जून 2021 ला सरकारनं जिल्ह्यांच्या पाच पातळ्या केल्या आणि नियम आठवड्याला बदलायला लागले. जो नियम उठला त्याची नोटीस त्याच दिवशी फाडा, फक्त नवी वर चिकटवू नका. कामवाल्या बायांना लिफ्ट, पेपरवाल्याला वर जाणं, पाहुण्यांची वही, प्रत्येकाची तारीख वेगळी लिहून ठेवा आणि नियम उठला की गेटवर तोंडानं सांगा. आमच्या शेजारच्या आवारात बाया 2022 उजाडलं तरी जिन्यानंच चढत होत्या, कारण थांबवलं ते सगळ्यांना आठवत होतं, सोडायचं कोणी सांगितलंच नव्हतं.