गलका आवरायला झाकणांची बरणी

खिचडीची वेळ झाली की अंगणवाडीत एकच गलका होतो, आणि 'गप बसा' म्हणता म्हणता ताईंचाच घसा बसतो.

१. पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. 10 झाकणं मावतील तिथे लाल रेघ मारा.

२. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं धुऊन ठेवा. चिंचोके, सरकी नको. 3 वर्षांचं लेकरू नाकात घालतं.

३. एका वेळी एकच काम धरा: चपला ओळीत, किंवा हात धुवायला रांग. जमलं की तिथल्या तिथे झाकण टाका. नुसतं 'शाब्बास' पुरत नाही; 'सगळ्यांच्या चपला भिंतीला लागल्या' असं म्हणा. झाकण तासाभराने टाकलं तर ते कशाचं, हे पोरांना कळतच नाही.

४. रेघ गाठली की त्याच दिवशी कडुनिंबाखाली मामाचं पत्र, नाहीतर आवडतं गाणं दोनदा. खाऊ नको, मग रोज खाऊच मागतात.

सुरुवातीला बरणी 2 दिवसांत भरली पाहिजे. आठवडा लागला तर पोट्टे तिच्याकडे बघतही नाहीत. एखादाच धिंगाणा घालत असेल तर झाकण टाकायचं काम त्यालाच द्या, नाहीतर बाकीचे त्याच्यावर खापर फोडतात.

आणि पडलेलं झाकण शिक्षा म्हणून कधीही बाहेर काढू नका.