एक बटण, दोन टीव्ही
जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात कूलर एकाच खोलीत, म्हणून सगळं घर आणि दोन्ही टीव्हीही तिथेच. त्यात स्ट्रीमिंग बॉक्स एकाच कंपनीचे असले, की एक बटण दाबताच दोन्ही हलतात.

रिमोटचं टोक मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांवर चालणारा. तो दुसरीकडे वळवून फारसा उपयोग नाही, किरण भिंतीवरून परततात. एका बॉक्सच्या सेन्सरवर, म्हणजे हे किरण टिपणाऱ्या जागेवर, फॉइलचा तुकडा आणि वर वायरमनची काळी टेप लावा. नुसतं काळं प्लास्टिक कधीकधी हे किरण आरपार जाऊ देतं. तो बॉक्स मग वायफायवरून कंपनीच्या ॲपने चालवा. अर्थात, आधी ॲप जोडा, टेप नंतर. ब्लूटूथ रिमोट चालत असेल तर उत्तमच. तो जोडलेल्या बॉक्सचंच ऐकतो.