कुत्र्यासाठी घरी शिजवताय? चिकन-भातातल्या या चुका टाळा

रोज ताजं चिकन, मऊ भात, सोबत थोडं गाजर. कुत्रा वाडगं चाटूनपुसून लख्ख करतो, वजनही वाढतं, त्यामुळे सगळं नीट चाललंय असं वाटतं. पण या जेवणात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, आणि घरच्या जेवणातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे.

हिशेब मांडून बघा. घरात राहणाऱ्या 10 किलोच्या पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 किलोकॅलरी लागतात. म्हणजे कच्च्या वजनात 220 ग्रॅम बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन, 70 ग्रॅम तांदूळ, 80 ग्रॅम गाजर किंवा दुधी आणि दोन छोटे चमचे तेल. यात फॉस्फरस 500 मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम 50. खरं तर कॅल्शियम फॉस्फरसच्या 1 ते 2 पट हवं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं. रक्तातलं कॅल्शियम त्यामुळे बराच काळ ठीक दिसतं आणि हाडं मात्र पोकळ होत जातात. पिल्लांत हे लवकर दिसतं: लंगडणं, पाय वाकणं, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडणं.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. अंड्याची टरफलं 10 मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा, मिक्सरमधून मैद्यासारखी बारीक करा आणि चाळून घ्या. भरड राहिली तर नीट पचत नाही. 1 ग्रॅम पुडीत सुमारे 380 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे वरच्या जेवणाला रोज 2 ग्रॅम पुरे. चमच्याच्या अंदाजावर सोडू नका, छोटा डिजिटल काटा घ्या.

‘आम्ही नाचणी घालतो ना!’ असं अनेक घरांत ऐकू येतं. तांदळाच्या जागी 70 ग्रॅम नाचणी घातली तर कॅल्शियम सुमारे 250 मिलिग्रॅमनं वाढतं, पण सोबत फॉस्फरसही येतो आणि नाचणीतल्या फायटेट या कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे ते सगळं अंगी लागत नाही. नाचणी जरूर द्या, टरफलाची पूड मात्र बंद करू नका.

हे प्रमाण पिल्लांना लावू नका. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही तितकंच बाधतं. त्यांचं जेवण पशुवैद्याकडूनच ठरवून घ्या.

कॅल्शियमनं सगळं भागतं असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या. त्यातल्या 95 टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हे नेहमी राहून जाणारे. कुत्र्याच्या कातडीत उन्हामुळे ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, ते जेवणातूनच द्यावं लागतं. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र नकोत. कुत्र्यांसाठीचा पूरक आहार वजनानुसार विचारून घ्या.

शिजवताना चिकनचं पाणी फेकू नका, ब जीवनसत्त्वं त्यातच उतरतात. कमी पाण्यात शिजवून ते भातात मुरवा. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, ती टोकदार फुटतात. कलेजी एकूण जेवणाच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवा, कारण जास्त झाली तर अ जीवनसत्त्व साठत जातं.

घरच्या रश्श्याचा उरलेला वाटा वाढणं ही प्रेमापोटी होणारी चूक. कांदा-लसूण शिजवला तरी त्यातलं विष जात नाही, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि त्यामागे ज्या टार्टारिक आम्लाचा संशय आहे ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणून आमटी नको. साधं वरण हिंग-फोडणी पडण्याआधीच बाजूला काढा.

नवं जेवण एकदम सुरू केलं की जुलाब होतात. पहिले दोन दिवस पाव वाटा, मग निम्मा, मग पाऊण, असं आठवड्यात बदला. तरीही शौच पातळ राहिलं तर तेल निम्मं करा आणि दूध बंद करा. शौच पांढरट, खडूसारखं कोरडं होत असेल तर कॅल्शियम जास्त होतंय. दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब, किंवा उलट्या आणि पोटदुखी दिसली तर घरी प्रयोग करत बसू नका.

शिजवलेलं अन्न ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त नको, पावसाळ्यात भात तर त्याहूनही लवकर खराब होतो. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढचं एकेका दिवसाचे डबे करून फ्रीझरमध्ये.

दर पंधरवड्याला वजन करा. फासळ्या हाताला लागायला हव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत. चुकून कांदा पोटात गेला असेल तर लगेच पशुवैद्याला कळवा आणि पुढचे पाच दिवस हिरड्या व लघवी बघत राहा. हिरड्या फिकट पडल्या किंवा लघवी चहासारखी तपकिरी झाली तर रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा.